गाणं जपायचं तर गाणारीचं नावही जपा

हातातलं निवडणं-टिपणं चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल. पुस्तकांचं ग्रंथालय आपल्याला माहीत आहे. पण गाण्यांचंही ग्रंथालय असतं. तिथे गाण्यांच्या वह्या, छापलेली स्वरलिपी, जुन्या तबकड्या, कॅसेटी ठेवलेल्या असतात. हे सगळं सांभाळणाऱ्यांना संगीत ग्रंथपाल म्हणतात. अमेरिकेत त्यांची संघटना १९३१ साली सुरू झाली. तिच्या प्रांतोप्रांती शाखा आहेत आणि त्या आपापले मेळावे भरवतात. पुढे १९५१ साली अनेक देशांची मिळून एक संघटना पॅरिसमध्ये उभी राहिली.

अशा मेळाव्यात ही मंडळी करतात काय? आपल्या बचत गटाच्या बैठकीसारखंच काहीतरी. नवीन काय आलं, ते कुठे लिहिलं, कोणी नेलं, काय खराब व्हायला लागलं, याचा हिशेब. गटाच्या वहीत एक नोंद राहिली तर कुणाचा तरी हप्ता हरवतो. त्यांच्या वहीत नोंद राहिली तर गाणं हरवतं. ते कपाटात असतं, पण सापडत नाही.

आता आपल्या जात्यावरच्या ओवीचा विचार करा. पुस्तकावर नाव असतं, लेखक असतो. ओवीला दोन्ही नाही. म्हणून लोकगीतांची यादी करताना बऱ्याचदा पहिली ओळ हेच नाव धरतात. मग विषय लावतात: माहेर, भाऊ, लेक, सीता, पंढरीचा विठ्ठल. पण तेवढ्याने भागत नाही. कोण गायलं, कुठे गायलं, कधी गायलं, तेही लागतं.

बऱ्याच जुन्या संग्रहांत ओव्या आहेत, पण गाणारीचं नाव नाही. जणू ओव्या आपोआप उगवल्या! खरं तर त्या रचल्या बायांनी, पहाटे उठून, दळण दळताना. सासूला सांगता येत नव्हतं, नवऱ्याला सांगता येत नव्हतं, ते त्यांनी जात्याला सांगितलं.

हे नाव लिहिण्याचं काम आपल्याच राज्यात मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी मुळशी तालुक्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात केली. वीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. गावं हजाराच्या वर, गाणाऱ्या बाया तीन हजारांच्या वर. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या सुमारे १२० तासांच्या ओव्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. शब्द कागदावर राहतात, पण गळा, म्हणजे ओवीची चाल, कागदावर उतरत नाही. ती ऐकावीच लागते.

या संग्रहातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं. ओवीसोबत गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. पुढे २०१७ पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ओव्या लोकांपुढे आणू लागली. तेव्हा त्यांची माणसं पुन्हा त्या गावांत जाऊन त्याच बायांना भेटू शकली. काही जणी आता नव्हत्या, तर त्यांच्या लेकी-सुनांशी बोलता आलं. नाव आणि गाव लिहिलेलं नसतं, तर कुणाच्या दारात गेले असते?

बहिणाबाई चौधरींचंही तसंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं आणि त्यावर त्यांचं नाव आलं. ज्यांच्या घरी लिहून घेणारं कुणी नव्हतं, अशा किती जणी असतील?

गावोगाव गिरण्या आल्या. खांदे, कंबर सुटली, फार चांगलं झालं. जातं परत फिरवा असं कुणीच म्हणणार नाही. पण ज्यांना ओव्या पाठ आहेत, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

मग आपण काय करायचं? पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की अर्धा तास राखून ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या आजींना मानाने बोलवा. हळदीला जातं पूजतात, तेव्हाच्या ओव्या विचारा. नागपंचमीची, भोंडल्याची, पाळण्याची गाणी विचारा. एक जाड वही करा. प्रत्येक गाण्यापुढे लिहा: गाणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, अंदाजे वय, गाणं कुणाकडून शिकली, कोणत्या कामाला किंवा सणाला म्हणतात, आणि आजची तारीख. शब्द जसे उच्चारले तसेच लिहा. ‘शुद्ध’ करायला जाऊ नका.

मोबाइलवर आवाज घेताना पंखा आणि टीव्ही बंद करा. फोन आजींच्या जवळ, हातभर अंतरावर ठेवा. आधी आजींनाच स्वतःचं नाव, गाव बोलू द्या. नंतर वही हरवली तरी आवाजातच नोंद राहील. कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरते, तसा मोबाइलही पडतो, फुटतो, बिघडतो. म्हणून एकाच ठिकाणी ठेवू नका. दुसऱ्या मैत्रिणीच्या फोनमध्ये एक प्रत, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर एक प्रत असू द्या. घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या फेकू नका. कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर त्यांची प्रत करून घ्या.

शेवटची गोष्ट परवानगीची. ओवीत घरचं दुःख असतं, सासरचं नाव असतं. आजींनी आपल्यापुढे मन मोकळं केलं, म्हणजे ते सगळ्या गावाच्या फोनवर फिरवायचं असं नाही. आधी विचारा, “आजी, हे कुणाकुणाला ऐकवू?” त्या नको म्हणाल्या तर वहीत तसं लिहा आणि ते पाळा. हो म्हणाल्या तर जिथे गाणं जाईल, तिथे त्यांचं नावही जाऊ द्या.

जमिनीच्या उताऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण किती खेटे घालतो. आईच्या, आजीच्या गाण्यावर तिचं नाव लावायला तर एक वही आणि एक पेन पुरतं. या महिन्यात निदान एका आजीचं नाव त्या वहीत येऊ द्या.