गारांचे पोचे आणि विम्याची भरपाई



सन 1727 मध्ये वसलेल्या जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांच्या नावाने ओळखले जाणारे विद्याधर नगर 1980 च्या दशकात स्थपती बाळकृष्ण दोशी यांच्या आराखड्यानुसार आकारास आले. उत्तम आखणीच्या या वस्तीतही गारांपासून मोटारीला संरक्षण मिळतेच असे नाही. हिवाळ्याच्या अखेरीस पश्चिमेकडून येणारे चक्रावात राजस्थानात कित्येकदा गारा घेऊन येतात, आणि उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर पोचे उमटतात.

केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास त्यातून ही भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमापत्रात मात्र गारपिटीचा स्पष्ट उल्लेख असतो. तथापि दावा करण्यापूर्वी गणित मांडावे. दाव्याविना गेलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत मिळणारी सूट एका दाव्याने शून्यावर येते. ती पूर्ववत होण्यास पाच वर्षे लागतात. शिवाय बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो. पाच वर्षांहून जुन्या मोटारीच्या धातूच्या भागांवर तो 40 टक्के आणि दहा वर्षांनंतर 50 टक्के असतो. काचेवर मात्र तो नसतो.

समजा, हा विचार करून एखाद्या गृहस्थाने दावा केला आणि विमा कंपनीने रोख भरपाई दिली. आता पोचे काढावेत, की ते पैसे मुलीच्या शिक्षणशुल्कासाठी राखावेत? विम्याचा हेतू नुकसान भरून देणे हा आहे. कंपनीने दुरुस्तीची अट न घालता रोख तडजोड केली असेल, तर त्या पैशाचा विनियोग मालकाच्या इच्छेवर राहतो. परंतु दुरुस्ती न करताच तिचे बिल सादर करून रक्कम घेणे ही उघड फसवणूक होय. मोटार कर्जाऊ असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेचाही त्या रकमेशी संबंध येतो.

यानंतर मोटारीची पाहणी करावी. समोरच्या काचेला तडा गेला असेल, तर विलंब करू नये. तेथे प्रश्न जिवाचा आहे. रंग फुटून पत्रा उघडा पडला असेल, तर पावसाळ्यापूर्वी तेवढा भाग तरी रंगवून घ्यावा, अन्यथा गंज धरेल. रंग शाबूत असून केवळ पोचे उरले असतील, तर मोटारीच्या चालण्यात काही उणे येत नाही. असे पोचे कुशल कारागीर पुष्कळदा आतून दाबून, रंग न लावताही काढतात.

न काढलेल्या पोच्यांची किंमत मोटार विकताना मोजावी लागते. पुन्हा गारा पडल्यास त्याच भागाच्या दाव्यातून सर्वेक्षक जुने नुकसान वजा करतो, म्हणून सध्याच्या स्थितीची छायाचित्रे जपून ठेवावीत. मोटार लवकर विकावयाची असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतील संभाव्य घट यांची तुलना करावी. ती झिजेपर्यंत वापरावयाची असेल, तर पोचे तसेच ठेवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शेजाऱ्यांच्या नजरेसाठी केलेला खर्च विम्याच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.