मुरांब्यात बाईचे तास किती?

(बचत गटांच्या शिबिरातील भाषण)



मुरांबा म्हणजे मुरलेला आंबा असं आपण धरून चालतो. शब्द मुळात अरबी, 'मुरब्बा'. फारसीतून तो इकडे आला, त्याला आपली कैरी मिळाली आणि तो आपलाच झाला. गोव्यातल्या पेरादचंही तसंच. पोर्तुगालमध्ये मार्मेलो या फळाची घट्ट वडी करतात, ती मार्मेलादा. इंग्रजांचं मार्मलेड त्यावरूनच आलं. गोव्यात तीच रीत पेरूवर चालवली गेली. या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आणि हे नुसतं 'हाताला चव' प्रकरण नाही. साखर फळातलं पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशीला ते मिळत नाही. पाक कच्चा राहिला तर बरणी आंबते, पुढे गेला तर साखरेचे खडे धरतात. आजच्या अन्नसुरक्षा नियमांत जॅमसाठी विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात. कारखान्यात ते मोजायला यंत्र असतं. आपल्या आज्या दोन बोटांत पाकाची तार ओढून ठरवायच्या. यंत्रापुढच्या माणसाला पगार असतो, एवढाच फरक!

इंग्लंडची गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं. तिथल्या 'विमेन्स इन्स्टिट्यूट' या ग्रामीण महिलांच्या संघटनेला सरकारने जॅमसाठी साखर दिली. १९४० ते १९४५ मध्ये बायकांनी ५,३०० टनांहून जास्त फळं टिकवली. सगळं काम स्वयंसेवेचं. देशसेवा म्हणून त्यांचं कौतुक खूप झालं. कौतुक आपल्यालाही मिळतं, नाही का?

आता आपल्या हिशेबाकडे येते. मी पाहिलेल्या बहुतेक गटांच्या वह्यांत कैरी, साखर, वेलची, गॅस, बरणी, लेबल सगळं असतं. सोलणं, किसणं, ढवळणं नसतं. विचारलं तर म्हणतात, "ते काय ताई, घरचंच काम." मग व्यापारी भाव पाडतो तेव्हा तो कापतो ती आपली मजुरीच, आणि वहीत ती नसल्याने तोटा दिसतही नाही.

जेवणानंतर गटागटाने बसू. मागच्या उन्हाळ्यातला एकच घाणा आठवा. कैऱ्या धुण्यापासून बरणीला झाकण लागेपर्यंत कोण किती तास होतं, ते लिहा. भांडी घासणारीलाही धरा.