लक्ष्मीबाईंनीं स्मरलेले टिळक



अंधेरीच्या आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवांत दिवंगत सोबत्यांचें स्मरण करतांना आपण त्यांचे गुण तेवढे सांगतों. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तसें केलें नाहीं. (हीं दोघें आपल्या पंथाचीं नव्हतीं, म्हणून काय झालें?)

टिळक मनस्वी पुरुष. घरीं न सांगतां निघून जावें, हातीं आलेला पैसा गरजवंतास देऊन टाकावा, आणि चूल कशी पेटावी ही चिंता पत्नीवर सोपवावी! १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां उभयतांची कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें लक्ष्मीबाई स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ सालीं ते मुंबईंत वारले.

१९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, त्यांना हंसतात, कांहींच लपवीत नाहींत. पतीवरील इतकी निर्भय माया मराठींत विरळाच. टिळकांच्या आग्रहानें लिहूंवाचूं लागलेल्या या बाईंनींच त्यांच्या मागें अपुऱ्या राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’स स्वतःचे ६४ अध्याय जोडले.