बांधात मावेल एवढा ट्रॅक्टर

सिद्धगडाचं नाव घेतलं की पुष्कळांना २ जानेवारी १९४३ हा दिवस आठवतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या दोन क्रांतिकारकांना याच गडाच्या रानात वीरमरण आलं. डोंगर चढणाऱ्या मंडळींना आठवतो तो भीमाशंकर अभयारण्यातला उभा कडा. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते मात्र गडाच्या पायथ्याशी असलेल्या भातखाचरांबद्दल आणि त्या खाचरांत चालणाऱ्या एका लहानशा यंत्राबद्दल.

मुरबाड-शहापूरकडची शेती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथलं शेत म्हणजे देशावरचं सलग रान नव्हे. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पाडाव्यात तशी एकाखाली एक खाचरं असतात. आमची भाताची जमीन तीन एकर, पण ती बावीस तुकड्यांत. काही खाचरं अंगणाएवढी. वरच्या खाचराचं पाणी बांधावरून खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात. त्यामुळे एकाने शेत पडीक ठेवलं तर त्याचा त्रास त्याच्या एकट्यापुरता राहत नाही. दोन पावसाळे कोणी बांधाकडे फिरकलं नाही की खेकडे तो पोखरतात, एका जोराच्या सरीत बांध फुटतो आणि खालच्या माणसाची लावणी गाळात जाते. असं पडीक खाचर दिसलं की पाठोपाठ जमिनीचा दलालही दारात येतो. मुंबईपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर राहण्याची ही किंमत आहे.

म्हणून आमच्याकडे ‘नांगर कशाने ओढायचा’ हा प्रश्न नुसता सोयीचा नसतो. जमीन राहणार की जाणार, हेही त्यातच ठरतं.

माझ्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर म्हशाच्या जत्रेत मिळायचं. पौष पौर्णिमेला म्हसे गावी खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार नावाजलेला. आजोबा बैल घ्यायला जायचे तेव्हा दात बघायचे, खूर बघायचे, खांद्यावरून हात फिरवायचे आणि शेवटी बैल चालवून बघितल्याशिवाय व्यवहार करायचे नाहीत. पुढे बैल परवडेनासे झाले. पंधरा-वीस दिवसांच्या कामासाठी जोडी वर्षभर पोसायची, तर चारायला न्यायला घरात माणूस हवा. मुलं शाळेत गेली, मोठी झाल्यावर कारखान्यात लागली. मग १९९८ साली बाबांनी कर्ज काढून पॉवर टिलर घेतला.

टिलर म्हणजे दोन चाकांचा हातट्रॅक्टर. पुढे इंजिन, मागे फिरणारी पाती आणि दोन लांब मुठी. मुठी धरून माणसाने मागून चालायचं. हे यंत्र मूळचं जपानी भातशेतीच्या वळणाचं. आपल्याकडे व्हीएसटी ही कंपनी १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने बंगळुरूला उभी राहिली आणि १९७३ साली केरळ सरकारची कामको. कोकणपट्टीत टिलर रुळला तो बांधावरून उतरवता येतो आणि चिंचोळ्या खाचरात वळतो म्हणून. आमच्याही टिलरने सत्तावीस वर्षं इमानाने काम केलं. दोनदा लायनर-पिस्टन बदलले, पाती तर किती बदलली त्याची गणती नाही. शेवटी शेवटी तो धूर ओकायला लागला. हँडल मारून सुरू करायला दोन माणसं लागायची. एखादा सुटा भाग हवा असेल तर मुरबाड, कल्याण करत भंगारातल्या दुसऱ्या टिलरचा काढून आणावा लागे.

पण तो बदलायचं खरं कारण वेगळंच होतं. यंत्रापेक्षा माणूस जास्त थकला होता.

साधा हिशेब करून पाहा. टिलरची पाती साधारण साठ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घेतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भागाकार केला की एका एकरात एकदा फिरायला पावणेसात किलोमीटर चाल येते. चिखलणी दोनदा करावी लागते. म्हणजे एकरी साडेतेरा किलोमीटर आणि तीन एकराला चाळीस. तेही गुडघाभर चिखलात, हातात थरथरणाऱ्या मुठी आणि प्रत्येक बांधापाशी ते धूड उचलून वळवायचं. बाबांनी सत्तरी ओलांडली. रात्री त्यांच्या हातांना मुंग्या येत आणि पाण्याचा तांब्या धरवत नसे. धाकटा भाऊ कारखान्यात पाळीवर. मी शिक्षक, जूनमध्ये शाळा सुरू. राहिली माझी पत्नी. घरची शेती खऱ्या अर्थाने तीच सांभाळते, पण टिलर वळवणं हे एकट्या माणसाचं बळाचं काम. घरी बोलणं झालं तेव्हा तिने दोनच वाक्यांत विषय संपवला. म्हणाली, “जे यंत्र मला चालवता येईल ते आणा. नाहीतर आणूच नका.”

सल्ले पुष्कळ मिळाले. पहिला सल्ला, मोठा ट्रॅक्टर भाड्याने सांगा. तासाला हजार-बाराशे रुपये, काम झटपट. पण मोठ्या ट्रॅक्टरला खाचरात उतरायला वाट लागते आणि ती दुसऱ्याचे बांध मोडूनच होते. शिवाय चिखलाखाली एक कडक थर असतो. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तो बनतो आणि त्याच्यामुळेच खाचरात पाणी ठरतं. दोन टनांचं धूड त्यात रुतलं की तो थर फुटतो. तिसरी अडचण सर्वात मोठी. पाऊस लागला की सगळ्यांना ट्रॅक्टर एकाच आठवड्यात हवा असतो. भाताचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं असताना लावलं तर चांगलं फुटतं. ट्रॅक्टरची पाळी येईपर्यंत ते चाळीस दिवसांचं झालं तर फुटवे कमी, लोंब्या कमी. भाडं वाचल्याचा आनंद सुगीला उरत नाही.

दुसरा सल्ला, नवा छोटा ट्रॅक्टर घ्या, सरकारी अनुदान मिळतं. अनुदान मिळतं हे खरं. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, निवड व्हायची वाट पाहायची आणि बाकीचे पैसे आपण उभे करायचे. अवजारांसह चार लाखांच्या घरातलं यंत्र वर्षाकाठी महिनाभर चालणार. भात आमचं खाऊन जेमतेम थोडं विकायला उरतं, त्यावर हप्ते कसे भागणार? जुन्या यंत्राला अनुदान नाही, पण बोजाही बेताचा. म्हणून ठरवलं, की जुन्याच्या जागी जुनाच घ्यायचा, पण पारखून.

आता जुना शोधायचा कुठे? आमच्याकडचा भातातला ट्रॅक्टर शक्यतो नको, असं गावातल्या मिस्त्रीने सांगितलं. चिखलात चाललेल्या यंत्राच्या मागच्या धुरीच्या सीलमधून पाणी आत जातं, ब्रेक गंजतात आणि ते वरून दिसत नाही. माळशेज घाट चढून गेलं की जुन्नरचा द्राक्षपट्टा लागतो. तिथे वेलींच्या दोन ओळींमधून जाण्यासाठी अरुंद, अठरा-वीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर वापरतात. त्याचं मुख्य काम फवारणीचं. म्हणजे इंजिन आणि पीटीओ, तो मागचा फिरता दांडा, खूप चाललेला असतो. पत्राही औषधांनी खाल्लेला असतो. पण गिअर आणि धुरी कोरड्या जमिनीवर चाललेली असते. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षं उतरली की बागायतदार यंत्रं बदलतात. आम्ही एप्रिल २०२५ मध्ये गेलो. रोहिणी लागल्यावर गेलं तर गरजवंत म्हणून आपणच ओळखले जातो.

मिस्त्रीला सोबत नेलं, त्याची मजुरी देऊन. त्याने जे जे पाहिलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. ट्रॅक्टर घेणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे आपण पोचण्याआधी इंजिन सुरू केलेलं नसावं. हात लावून बघायचं. गार इंजिन किती सहज उठतं, ते खरं. गरम इंजिन कोणाचंही उठतं. मग धुराचा रंग. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निदान एअर फिल्टर तरी तुंबलाय. पांढरा धूर सुरुवातीला चालेल, थांबला नाही तर पाणी आत जात असेल. ऑइलची पट्टी काढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं की नमस्कार करून निघायचं. चालत्या इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडायचं. आतून भकाभका वाफ येत असेल तर सिलिंडर थकलाय.

क्लच बघायचा तो असा. मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट घासलीय. हायड्रॉलिकची परीक्षा तर कोणालाही जमेल. रोटाव्हेटर वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत रोटाव्हेटर खाली येऊन टेकला तर सील गळतायत. तासांचा मीटर काय दाखवतो यावर विसंबायचं नाही. पायाखालच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर मात्र चारशे तास सांगतोय, तर रबर खरं बोलतं.

एका दलालाकडे नवा कोरा रंग दिलेला ट्रॅक्टर होता. लांबून डोळे दिपावेत असा. मिस्त्री त्याच्याभोवती एक फेरी मारून परत आला आणि म्हणाला, “गुरुजी, रंग नटांवरसुद्धा आहे. काय उघडलं होतं ते आता कळायचं नाही.” शेवटी जो घेतला त्याचा पत्रा गंजका, सीट फाटलेली, पण इंजिन घड्याळासारखं. मालक वयस्क बागायतदार. त्यांनी काय काय बदललं याची पावत्यांसकट वही काढून दाखवली. रोटाव्हेटरसह दोन लाख दहा हजारांना सौदा झाला.

पैसे मोजण्याआधी कागद. आरसी पुस्तकातला चॅसिस आणि इंजिन नंबर यंत्रावरच्या नंबराशी ताडून बघायचा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्यांचे. विम्याची मुदत. यंत्र दुसऱ्या आरटीओचं असेल तर तिथली ना-हरकत. ओळखीचा माणूस आहे, कागद नंतर करू, असं म्हणून ट्रॅक्टर घरी आणणारे पुष्कळ आहेत. पुढे अपघात झाला की जबाबदारी कोणाची यावरून दोन्ही घरं कोर्टाची पायरी चढतात.

टनाच्या आतलं वजन, त्यामुळे ट्रॅक्टर पिकअपमध्ये बसून घाट उतरला. आल्यावर आधी मागच्या धुरीचे सील बदलले, चिखलासाठी लोखंडी जाळीची चाकं करून घेतली आणि पीटीओच्या दांड्यावर गार्ड बसवलं. हे शेवटचं काम ट्रॅक्टर असलेल्या सगळ्यांना हात जोडून सांगतो. साडीचा पदर, ओढणी, लुंगी, काहीही त्या फिरत्या दांड्यात गेलं तर माणूस ओढला जातो. गार्डची किंमत हजारात आहे. दुसरं, बांध ओलांडताना कधीही तिरपं जायचं नाही. बांधाशी काटकोन धरून, सावकाश. छोटा ट्रॅक्टर हलका म्हणून निर्धास्त राहू नये, हलकाच लवकर उलटतो.

२०२५ चा पावसाळा कसा आला ते सर्वांना आठवत असेल. २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोचला, नोंदी आहेत तेव्हापासून सर्वात लवकर. राब भाजलेले, पण धूळपेरणी व्हायच्या आतच जमीन भिजली. रोपं मागेपुढे झाली. कोणतं खाचर कधी तयार होईल याचा अंदाज कोणालाच नव्हता. अशा वर्षी भाड्याच्या यंत्राची पाळी धरून बसता आलं नसतं. उघडीप मिळेल तेव्हा पत्नी एक-दोन खाचरं चिखलून घ्यायची आणि तयार झालेलं रोप त्यात जायचं. नव्वद सेंटिमीटरचा रोटाव्हेटर, बसून काम. बावीसपैकी वीस खाचरांत ट्रॅक्टर गेला. वरची दोन इतकी चिंचोळी, की तिथे कुदळच चालली. शेजारच्या दोन घरांचीही चिखलणी तिने केली, डिझेल आणि वाजवी भाडं घेऊन. त्यातलं एक खाचर दोन वर्षं पडीक होतं, तेच आमच्या डोक्यावरचं. आता त्याचा बांध बुजवलाय.

पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. थांबला असतात तर नवा मिळाला असता, असं काही जण म्हणाले. चार लाखांच्या यंत्रामागे ही बचत पंचवीस हजारांच्या आसपास येते. ज्याची जमीन जास्त, भाड्याचं काम जास्त, त्याने नव्याचा विचार जरूर करावा. तीन एकरवाल्याचा हिशेब तेवढ्याने बदलत नाही, आणि मधला पावसाळा तर काही थांबणार नव्हता.

जुन्या टिलरचं इंजिन बाबांनी विकू दिलं नाही. ओहोळावर पंप बसवून त्याला पट्ट्याने जोडलंय. भात निघाल्यावर वाल आणि भेंडी त्या पाण्यावर होते. पंपाला जोर कमी लागतो, म्हणून थकलेलं इंजिनही तेवढं ओढतं. हँडल मारायला मात्र अजून दोघं लागतात.

आजोबांनी बैलाचे दात पाहिले, आम्ही धुराचा रंग पाहिला. पारख तीच आहे. शेजाऱ्याकडे किती मोठं यंत्र आहे, हे बघून आपलं यंत्र ठरवू नये. आपलं खाचर केवढं आहे, ते चालवणारे हात कोणाचे आहेत आणि पावसाने दिलेल्या पंधरा दिवसांत ते आपल्या दारात उभं असेल का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी घरात बसून द्यावीत. त्यात जी घरातली बाई शेत राखते, तिला पहिल्यांदा विचारावं. मग बाजारात जावं.