तेरीज आणि कारखाना

पेण तालुक्यांतील गडब गांवाजवळ डोलवी येथें पोलादाचा मोठा कारखाना आहे. पूर्वीं इस्पात इंडस्ट्रीजचा असलेला हा कारखाना आज जेएसडब्ल्यूचा आहे. धरमतरच्या खाडींतून तेथें बार्जमधून खनिज येतें. असल्या कोणत्याहि कारखान्यांत पावसाळ्यांत धक्क्यावर वजन केलें, तर त्यांत पाणीहि मोजलें जातें. शंभर टनांत आठ टक्के पाणी असेल, तर भट्टीस ९२ टनच मिळतात. ओलें आणि कोरडें अशीं दोन्ही वजनें 'टन' या एकाच नांवानें संगणकांत शिरलीं, कीं अहवालांत साठा फुगतो, मागणी लांबते आणि भट्टी उपाशी राहते.

पेशवाईच्या दप्तरांत रोजकीर्द, खतावणी आणि त्यांवरून तेरीज, म्हणजे गोषवारा, असा क्रम असे. आजची अहवालपद्धति तीच. वेग तेवढा वाढला. म्हणून यंत्रणा घेण्यापूर्वीं कोणता निर्णय कोणीं व केव्हां घ्यावयाचा, हें ठरवावें आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ लिहून ठेवावा. रंगीत आलेख मागाहून. (विकणारे नेमके तेच आधीं दाखवितात!) प्रथम एकाच खात्याचा अहवाल जुन्या वहीशीं महिनाभर ताडून पाहावा. फरक निघाल्यास धक्क्यावरील कारकुनास विचारावें. खनिज किती भिजलें होतें, हें त्यानें पाहिलेलें असतें.