घरच्या अभ्यासांतील अडलेलें उदाहरण

निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे द्राक्षमळ्यांतून शेकोट्यांचा धूर निघूं लागला, म्हणजे पारा फार खालीं गेला असें समजावें. न्यायमूर्ति रानडे १८४२ सालीं जन्मले तें हेंच गांव. पण हिवाळ्यांत त्याचें नांव वृत्तपत्रांत येतें तें थंडीमुळें. कांहीं वर्षीं पानांवरचें दंवदेखील गोठतें.

अशा एखाद्या मळेकर्‍याच्या घरीं दहावींतला मुलगा उष्णतेच्या धड्यावर अडून बसला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. वीस अंश सेल्सियसच्या एक किलोग्रॅम पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ होतांना किती उष्णता बाहेर पडेल? मुलानें हजार ग्रॅमांना विसांनीं गुणून २०,००० कॅलरी काढल्या. पुढें गोठतांना तपमान बदलतच नाहीं. सबब तेथील उष्णता शून्य! पुस्तकामागचें उत्तर मात्र १,००,०००.

येथें खरी परीक्षा मदत करणाराची. ‘हजारांना ऐंशींनीं गुण आणि मिळव,’ असें थोरल्या भावानें सांगितलें, कीं वही पुरी होते. गाईड तेंच करतें, आणि खिशांतला फोन तर त्याहूनहि लवकर. पण उद्यां वाफेचें उदाहरण आलें कीं गाडें पुन्हा तेथेंच रुतणार. कारण चूक गुणाकारांत नव्हतीच. उष्णता आणि तपमान एकच, या समजुतींत होती. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानें १९४५ सालच्या आपल्या पुस्तकांत शिक्षकाला बजावलें आहे, कीं मदत फार नको आणि फार थोडीहि नको. हें माप साधणें मोठें कठीण. आईबापांना तर विशेषच, कारण मुलाचा रडवेला चेहरा त्यांच्यानें पाहवत नाहीं.

त्यापेक्षां पातेल्यांत बर्फाचे खडे आणि थोडें पाणी घालून तें मंद आंचेवर ठेवावें, सारखें ढवळावें आणि तपमापक मुलाच्याच हातीं द्यावा. आंच लागत असते, बर्फ वितळत असतो, आणि पारा शून्याजवळच राहतो. ‘मग ही उष्णता गेली कोठें?’ एवढेंच विचारावें व गप्प बसावें. हें गप्प बसणेंच जड जातें! वितळतांना जी गुप्तपणें आंत शिरली, तीच गोठतांना बाहेर पडली पाहिजे, हें मुलाच्या ध्यानीं आलें म्हणजे ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द त्याला परका राहत नाहीं. ग्रॅममागें ८० कॅलरी, म्हणजे ८०,००० तेथूनच आल्या.

वडील कदाचित् शाळा फार शिकलेले नसतील. पण थंडीच्या रात्रीं बागेला विहिरीचें पाणी कां देतां, असें मुलानें विचारावें. ‘विहिरीचें पाणी ऊन असतें,’ असें ते म्हणतील. उदाहरणांतल्या पहिल्या २०,००० कॅलरी त्या याच. उरलेल्यांची गोष्ट मग मुलानें बापाला सांगावी: थंड देशांतले बागवान कडाक्याच्या रात्रीं झाडांवर पाण्याचे तुषार उडवीत राहतात; तें पाणी कळ्यांवर गोठतां गोठतां उष्णता सोडतें, आणि कळी शून्याच्या फार खालीं उतरत नाहीं. मात्र तुषार मध्येंच थांबले तर कळी जाते.

‘एका रात्रीला पाणी किती लागेल?’ बाप विचारील. आणि मुलगा वहीचें नवें पान काढील.