रक्तस्तंभक म्हणजे काय?



सोयाबीनची सोंगणी आली की शेलूबाजारच्या शिवारात विळ्यांना धार लागते आणि हडंबा या वावरातून त्या वावरात फिरू लागतो. हातापायाला इजा होते ती बहुधा याच दिवसांत. म्हणून आज एका शब्दाविषयी बोलू. शब्द आहे 'रक्तस्तंभक'. एका भावानं विचारलं, "हे रक्त वाढवायचं औषध का हो?" नाही. स्तंभ म्हणजे जागचा न हलणारा खांब. 'स्तब्ध' हा शब्दही त्याच धातूचा. स्तंभन म्हणजे थांबवणं. वाहतं रक्त थांबवतं ते रक्तस्तंभक. ते जखम भरून आणत नाही, की जंतू मारत नाही. एवढा फरक ध्यानात ठेवा.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. म्हणजे तुरट पदार्थानं जखम सांधणं, थंडाव्यानं रक्त गोठवणं, भस्म वापरणं आणि डाग देणं. यातला तुरट पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. दाढी करताना चीर पडली की न्हावी तुरटी फिरवतो. तुरटीनं कातडी आकसते आणि बारीक शिरांची तोंडं मिटतात. पण हा उपाय ओरखड्यापुरताच. आणि एकाच्या रक्ताला लागलेली तुरटी दुसऱ्याला लावू नये, रोग पसरतो.

बांधावरच्या कंबरमोडीचा पाला चोळून लावायची चाल आपल्याकडे जुनी आहे. कोणी हळद भरतं, कोणी तंबाखू, कोणी चुलीतली राख. खोल जखमेत यातलं काहीही भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. पाल्याला, राखेला चिकटून ते आत जातात. रक्त थांबलेलं दिसतं, आणि काही दिवसांनी जबडा आखडतो. मग माणूस वाचवणं अवघड होतं.

तर मग करायचं काय? सगळ्यात पहिला रक्तस्तंभक म्हणजे आपला तळहात.

१. हडंबा किंवा कुट्टीयंत्र आधी बंद करा.
२. स्वच्छ धुतलेलं कापड जखमेवर ठेवून तळहातानं घट्ट दाबा. पूर्ण १० मिनिटं दाबून ठेवा. थांबलं का म्हणून सारखं उचलून पाहू नका, धरलेली गाठ सुटते.
३. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवा आणि अजून जोरानं दाबा.
४. जखमेत काही रुतलं असेल तर ते उपटू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा.
५. रक्त उसळून येत असेल, थांबत नसेल, तर दाब न सोडता १०८ नंबरला फोन लावा.
६. बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवून सोबत न्या. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

लहान जखम असेल तर रक्त थांबल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. मग आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची विचारपूस करा. मातीची जखम असून ५ वर्षांत इंजेक्शन झालं नसेल तर ते घ्यावं लागतं. घरात कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अशा माणसाचं रक्त लवकर थांबत नाही.

एक गोष्ट वेगळी आहे. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त वाहत राहिलं, हिरड्यांतून आलं, तर तिथं कुठलाच रक्तस्तंभक चालत नाही. विषानं रक्ताची गोठायची ताकदच जाते. तिथं चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. माणसाला हलू न देता तडक दवाखान्यात न्या. सर्पविषावरची लस हाच त्यावर उपाय.

जनावराचं शिंग मोडलं तरी पहिला उपाय कापडानं दाब देण्याचाच. पुढचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लावा.

तेव्हा यंदा सोंगणीला निघताना भाकरीच्या फडक्यासोबत धुतलेल्या सुती कापडाची एक घडीही बांधून घ्या. तिची गरज न पडो. पण पडलीच, तर ती जवळ असू द्या.

रामराम!